बाप्पूचा मीटर आणि रफिकभाईंची टाकी

पलीकडच्या गल्लीत जुलाबाचे पेशंट निघाल्यापासून गंजगोलाईजवळच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नाही. बाप्पूला तर ऊत आलाय. याचं दुकान मोबाइलचं, पण शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टीडीएस मीटर. चहा येऊ दे, शहाळं येऊ दे, हा आधी मीटर बुडवणार.

"नळाचं 420!" त्यानं जाहीर केलं. "आकड्यातच फसवणूक हाय बघा. माझ्या आरओ फिल्टरच्या पाण्याचं 45."

"त्या मीटरात जंतू दिसत्यात का?" रफिकभाई.

रफिकभाई प्लंबर. निम्म्या लातूरच्या टाक्यांत उतरलेला माणूस, त्यामुळं या बाबतीत मी त्यांचंच ऐकतो.

"भाई, टीडीएस म्हणजे..."

"विरघळलेले क्षार. पाण्यातून वीज किती जाती, त्यावरून तो आकडा दाखवतोय. तुझ्या हौदात गटारीचं तांब्याभर पाणी पडलं तरी आकडा जागचा हलायचा न्हाई. आन् जुलाब काय क्षारानं झालेत? 500 पर्यंत चांगलंच म्हणतंय सरकारी मानक. दुसरं पाणी नसलं तर 2000 पर्यंत चालवून घ्या म्हणतंय. 500 च्या आत आरओ नकोच, हे हरित लवादानं 2019 लाच सांगितलंय."

बाप्पू उभाच राहिला. "मग आरओ विकायला आलेल्या पोरानं माझ्यासमोर पाण्यात विजेच्या कांड्या घातल्या तवा नळाचं पाणी काळं-पिवळं कसं झालं? घाण होती म्हणूनच की! आरओचं तसंच्या तसं राहिलं."

"लोखंडाच्या कांड्या त्या. क्षारामुळं वीज जाती, कांडी झिजती, तिचाच गंज वर येतोय. आरओच्या पाण्यातनं वीज नीट जातच न्हाई. त्यात चिमूटभर मीठ टाक आन् परत कांड्या घाल. कसं होतंय बघ."

"14 हजार दिले मी," बाप्पू हळूच म्हणाला.

"आन् एक लिटर गाळायला तीन लिटर मोरीत सोडायलास. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात! 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती विसरलास? टाक्यांपाशी जमावबंदी लावायची पाळी आली होती."

रेल्वेचं नाव निघालं की अण्णा जागे होतात. "त्याच उन्हाळ्यात यानं माझी तांब्याची घागर नेली. टँकर आला म्हणून. अजून परत न्हाई."

"दिली होती!"

"बुडाला भोक पाडून दिलेली ती पितळेची, तुझीच."

घागरीवर बराच वेळ गेला. मग अण्णांनी आईचं काढलं. ती तुरटी फिरवायची, फडक्यानं गाळायची, उकळायची. कुणाला काही झालं नाही. रफिकभाईंनी त्याला नाही म्हटलं नाही. तुरटीनं गढूळ खाली बसतं, उकळी आली की जंतू मरतात. "पण अण्णा, शेतातल्या बोअरला हे लावू नका. फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात न्हाई. पाणी आटतं आन् ते उलट वाढतंय. बाटली भरून भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत द्या. लिटरमागं फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर, न्हाईतर नायट्रेट 45 च्या वर निघालं तर तिथं आरओ मीच बसवून देतो. नातवंडांच्या दातांवर डाग पडायच्या आत."

मला हेच पटतं. आधी पाण्यात काय आहे ते बघा, मग इलाज करा. आमच्याकडं तर खरा घोळ नळ आणि ओठ यांच्या मधे आहे. नळाची पाळी संपली की पाइप रिकामा होतो आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढतो. म्हणून पाळीचं पहिलं पाणी धुण्या-भांड्याला घ्यावं, पिण्याला नाही. नंतरचं चांगलं पाणीसुद्धा आठ दिवस हौदात बसलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं. पिण्याच्या पाण्यात मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, टाकून अर्धा तास थांबायचं, पिंपाला तोटी लावायची, आत हात घालायचा नाही. याला फार पैसे लागत नाहीत. हे न केल्यानं लेकरं सलाइनवर जातात, याचा मला मनापासून राग येतो.

"मग माझ्या 14 हजारांचं काय?" बाप्पू अजून तिथंच.

"ते राहू दे. टाकी कधी धुतली होतीस?"

"दिवाळीला."

"कुठल्या?" अण्णांनी विचारलं.

बाप्पू आठवायला लागला. आठवता आठवता त्याची नजर वर गेली, तसे आम्ही हसायला लागलो.

"रविवारी येतो," रफिकभाई म्हणाले. "मजुरी नको, चहा पाज."

"आन् टाकीच्या तळाला माझी घागर सापडली," अण्णा म्हणाले, "तर पहिली मला द्या."

चहावाला पोरगासुद्धा किटली खाली ठेवून हसत होता. बाप्पूनं चिडून मीटर त्याच्याच ग्लासात बुडवला.