घरच्या फ्रीझरमध्ये रक्त टिकत नाही

"रक्ताची पिशवी घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा, वर्षभर टिकते. लागेल तेव्हा कोमट पाण्यात धरा, पेशी पुन्हा जिवंत होतात. प्लाझ्मा गोठवतात, मग रक्त का नाही? 35 दिवसांनी रक्त फेकणं हा रक्तपेढ्यांचा धंदा." हा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. परवा उत्तरेश्वर पेठेत आत्याकडं गेले, तर तिनं मटार, खवलेला नारळ बाहेर काढून फ्रीझर पुसून ठेवलेला! नातवाला थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. "दोन पिशव्या आणून ठेवल्या की उन्हाळ्यात पळापळ नको गं," म्हणाली. माझं डोकंच फिरलं. मी लॅबमध्ये रोज रक्त हाताळते.

फ्रीझरच्या कोपऱ्यात एक टोमॅटो राहिला होता. तो बाहेर ठेवला. थोड्या वेळानं साल लोंबायला लागली, ताटलीत पाणी साचलं. रक्तपेशीचंही असंच होतं. बाहेरचं पाणी आधी गोठतं, उरलेल्यात क्षार दाटतात, पेशी आक्रसते. तिच्या आतही बर्फ धरतो. पडदा फाटतो, हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. वितळलेली पिशवी लालच दिसते, म्हणून घरच्यांना कळत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवली की कळतं: चांगल्या रक्तात पेशी तळाला आणि वर पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, फुटलेल्यात वरपर्यंत लालभडक पाणी. ते लेकराच्या शिरेत गेलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. फाटलेली पेशी कोमट पाण्यानं जिवंत होत नाही!

गोठवलेलं रक्त वापरता येतं, एवढं मात्र खरं. ग्लिसरॉल हा दाट द्रव घातला तर तांबड्या पेशी गोठूनही शाबूत राहतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑड्री स्मिथ यांनी 1950 मध्ये दाखवलं. दुर्मिळ गटाचं रक्त असंच उणे 65 अंशांखाली दहा वर्षं ठेवतात. घरचा फ्रीझर जेमतेम उणे 18. शिवाय वितळल्यावर ग्लिसरॉल टप्प्याटप्प्यानं धुवून काढावं लागतं, नाहीतर शरीरात जाताच पेशी पाणी ओढून फुटतात.

प्लाझ्मा गोठवतात, कारण त्यातल्या पेशी आधीच काढलेल्या असतात. आणि 35 दिवस म्हणाल तर ती मुदत सीपीडीए या रक्त टिकवणाऱ्या द्रावणातल्या, 2 ते 6 अंशांवरच्या रक्ताची. सॅगएम हे पेशींना पोसणारं द्रावण घातलं तर 42 दिवस. रुग्णाला दिल्यानंतर 24 तासांनी निदान 75 टक्के पेशी जिवंत राहाव्यात, यावरून ती ठरते.

आत्यानं मटार परत आत ठेवले. मग आम्ही दोघींनी कॅलेंडरवर नातवाच्या पुढच्या तारखा मांडल्या आणि प्रत्येक तारखेपुढं गल्लीतल्या एकेका रक्तदात्याचं नाव लिहिलं.