'३१ मार' आणि फिरता शहाणपणा

परवा भाचीचा फोन. "मामा, पावतीवर '३१ मार' छापून येतंय. हमाल विचारतायत, मार कुणाला बसणाराय?"

ती सांगलीत कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तासगावकडच्या एका शीतगृहासाठी बेदाण्याच्या आवक-जावकेचा छोटा प्रोग्रॅम लिहितेय. कुणाचे किती बॉक्स आले, कधी आले, कधी उचलले, भाडं किती झालं, एवढंच. हे तारखेचं तुला कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर तिनं एक मेसेज पुढं ढकलला. 'तारीख मराठीत दाखवायला लोकेल-बिकेल लागत नाही' असा मथळा (लोकेल म्हणजे भाषा-देशाचा कोड, त्यावरून तारीख कशी दाखवायची ते संगणक ठरवतो), खाली सहा मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक मराठी डेव्हलपरपर्यंत पोचवा'. माझ्याकडं तो आधीच तीन ग्रुपांतून आला होता आणि मी न वाचता उडवला होता. आता घरातच पोचला म्हटल्यावर वाचावा लागला. वीस वर्षं दुकानदारांची बिलिंगची कामं करून यातले बरेच खड्डे मी स्वतः पडून मोजलेत, त्यामुळं डोकं जरा तापलंय.

पहिला मुद्दा असा: महिन्यांच्या नावांची यादी लिहा, छोटं रूप हवं असेल तर पहिली तीन अक्षरं कापून घ्या. इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत आपण ज्याला अक्षर म्हणतो ते संगणकाच्या लेखी एक नसतं. 'मा' म्हणजे म वेगळा, काना वेगळा. मार्चचे पहिले तीन तुकडे घ्या: म, काना, र. झाला मार. एप्रिलचा होतो 'एप्', पाय मोडलेला. ऑक्टोबरचा 'ऑक्', उलटी आल्यासारखा. वारांवर हीच कात्री चालवली की शुक्रवारचा 'शुक' आणि गुरुवारचं 'गुर'. ते बांधायला दावण कुठनं आणायची?

ही छोटी रूपं कुणीतरी बसून नीट ठरवून ठेवलेली आहेत. यूनिकोडचं सीएलडीआर नावाचं भांडार आहे. कुठल्या भाषेत महिन्याला काय म्हणतात, छोटं रूप काय, आधी दिवस की महिना, आकडे कुठले, हे सगळं त्यात असतं. तुमचा फोन, तुमचा ब्राउझर तिथूनच उचलतो. मराठीसाठी त्यात जाने, फेब्रु, मार्च, एप्रि, सप्टें, ऑक्टो असं आहे. मार्च कापलेला नाही, कारण त्यात कापण्यासारखं काही नाही. माणसानं केलेलं काम आहे ते, तीन तुकड्यांच्या कात्रीनं आलेलं नाही.

मेसेजवाल्याचा पुरावा काय, तर एक स्क्रीनशॉट: 'लोकेल लावून बघितलं, तरी इंग्रजीच आकडे येतात.' मी तो मोठा करून पाहिला. गड्यानं लोकेल लावलंय एचआय-आयएन. म्हणजे हिंदी! सीएलडीआरमध्ये हिंदीचे आकडे मुळात इंग्रजीच धरलेत, मराठीचे देवनागरी. एमआर-आयएन लावलं असतं तर १५/३/२०२५ असं आपोआप आलं असतं. 'मराठी डेव्हलपरांपर्यंत पोचवा' म्हणणाऱ्याला मराठीचा कोड ठाऊक नाही, आणि मेसेज तीन ग्रुपांत.

आता दुसरा मुद्दा. तारीख कुरूप दिसली तर लोक हसतात आणि विषय संपतो. हा मात्र लोकांच्या खिशात हात घालतो. 'दिसतं तेच साठवा. मराठी मजकूर तसाच डेटाबेसमध्ये ठेवा. हिशोबाला लागला तर आकडे इंग्रजी करून न्यू डेटला द्या, काम तमाम.'

काम तमाम होतं, यात शंका नाही.

आधी साधी गोष्ट, क्रम. मजकूर डावीकडून एकेका चिन्हानं लावला जातो. त्यामुळं '०१/०४/२०२५' हे '३१/०३/२०२५' च्या आधी येतं, कारण शून्य तीनच्या आधी. म्हणजे एक एप्रिलचा माल एकतीस मार्चच्या मालावर चढून बसतो. आणि कुणी शोधताना इंग्रजी 1 टाइप केला तर मराठी १ सापडत नाही, दोन्ही वेगळी चिन्हं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मजकुराचा आकडा करणाऱ्या पार्सइंटला मराठी '१२' दिलं तर हा आकडाच नव्हे म्हणतं. पायथन या दुसऱ्या भाषेचं इंट मात्र तेच निमूटपणे बारा म्हणून घेतं. एकाच ऑफिसात दोन भाषांत कोड असेल तर कशाचा दोष ते शोधण्यात दिवस जातो.

पण खरी ग्यानबाची मेख 'न्यू डेटला द्या' मध्ये आहे. न्यू डेट म्हणजे मजकुरावरून तारीख बनवणारी जावास्क्रिप्टची सोय. ०५/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडं पाच एप्रिल. जावास्क्रिप्ट ते अमेरिकी पद्धतीनं वाचतं, महिना आधी. म्हणजे चार मे. ना कसला एरर, ना इशारा. भाचीच्या चाचणीच्या नोंदींत एका शेतकऱ्याचे बॉक्स पाच एप्रिलला आले होते आणि दहा एप्रिलला उचलले होते. प्रोग्रॅमनं वाचलं चार मे ते चार ऑक्टोबर. पाच दिवसांच्या मालाला एकशे त्रेपन्न दिवसांचं भाडं! मी तिला हातानं मोजायला लावलं. मेचे सत्तावीस, जूनचे तीस, जुलै-ऑगस्टचे एकतीस-एकतीस, सप्टेंबरचे तीस, वर चार. मोजून झाल्यावर ती जरा वेळ बोललीच नाही.

यातली वाईट खोड अशी की तेरा तारखेपासून पुढं प्रोग्रॅम बोंब मारतो, कारण तेरावा महिना नसतो. पण बारा तारखेपर्यंत गप्प राहून चुकतो. आणि ४/४, ५/५ ला तर चक्क बरोबर येतो. समजा तुम्ही पाच मेला बसून चाचणी घेतली. सगळं छान. मालकाला दाखवलं, पैसे घेतले. मग ऐन हंगामात कोल्ड स्टोअरेजच्या दारात शेतकरी पावती फडकावत उभा.

साठवायची ती तारीख म्हणूनच साठवा. डेटाबेसला तारखेचा वेगळा प्रकार आहे तो त्यासाठीच. मजकूरच हवा असेल तर आयएसओ ८६०१ या जागतिक मानकाप्रमाणे 2025-04-05, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, तेही इंग्रजी आकड्यांत. तो मजकूर म्हणून लावला तरी क्रम बरोबर येतो. मराठी करायची ती पावती छापताना, अगदी शेवटच्या पायरीवर.

तिसरा मुद्दा, 'बाराच्या आत सकाळी, नंतर संध्याकाळी.' म्हणजे रात्री दोनला 'सकाळी २' आणि भर उन्हात 'संध्याकाळी १'. द्राक्षाच्या पट्ट्यात राहून पहाट विसरणारा माणूस मला भेटायचाय. सीएलडीआरच्या मराठीत पहाट वेगळी आहे, दुपार वेगळी, रात्र वेगळी. ते नको असेल तर सरळ चोवीस तासांचं घड्याळ छापा, १३:०० वाचून कुणी आजारी पडत नाही.

चौथा, 'भारताला एकच वेळ. साडेपाच तास मिळवा, बाकी डोकं लावू नका.' भारताला एकच वेळ, हे खरं. पण डोकं लावलं नाही की काय होतं ते बघा. एक एप्रिल २०२५ ची आपली मध्यरात्र जावास्क्रिप्टच्या टू-आयएसओ-स्ट्रिंगनं लिहिली आणि पहिली दहा चिन्हं कापून घेतली तर मिळतं २०२५-०३-३१. कारण ते यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितं, आणि तेव्हा तिथं एकतीस मार्चचे साडेसहाच वाजलेले असतात संध्याकाळचे. नव्या आर्थिक वर्षाची पहिली नोंद गेली जुन्या वर्षात. सीएला सांगा मग, डोकं लावू नका म्हणून.

शिवाय आपली द्राक्षं रॉटरडॅमला जातात. तिथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढं जातात. आपल्यातलं अंतर साडेचार तासांवरून साडेतीनवर येतं, तेही हंगाम चालू असताना. साडेचार कोडमध्ये कोरून ठेवलेल्याचा फोन एप्रिलात तासभर चुकीचा लागणार. एशिया/कोलकाता, युरोप/ॲमस्टरडॅम अशी वेळ-विभागांची नावं द्यावीत, बेरीज-वजाबाकी यंत्राला करू द्यावी. आणि 'भारतात कायम साडेपाच' हेही पूर्ण खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत आपली घड्याळं यूटीसीच्या साडेसहा तास पुढं होती. जुन्या ज्योतिषांना ते माहीत असतं, त्या काळातल्या जन्मवेळेतून तो जास्तीचा एक तास वजा करतात. एशिया/कोलकाता या नावामागच्या माहितीतही ते नोंदलेलं आहे. मेसेजवाल्याच्या बेरजेत नाही.

पाचवा: 'कॅलेंडर इंडियन ठेवा, तिथी फुकट मिळते.' नाही मिळत. ते १९५७ साली स्वीकारलेलं राष्ट्रीय सौर पंचांग. त्याचा चैत्र २२ मार्चला लागतो, लीप वर्षी २१ ला. २०२५ चा पाडवा होता ३० मार्चला. गुढी आठ दिवस आधी उभी करायची असेल तर खुशाल वापरा.

सहाव्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. 'लायब्ररीचा भरवसा नाही, अपडेट आलं की आउटपुट बदलतं.' बदलतं खरं. २०२२ मध्ये सीएलडीआरनं इंग्रजी वेळेत एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा काढून तिथं अरुंद, न तुटणारी जागा टाकली. डोळ्यांना फरक दिसेना, पण तो मजकूर तोडून वेळ काढणारे प्रोग्रॅम पटापट आडवे झाले. क्रोमवाल्यांना पुन्हा साधी जागा टाकावी लागली. पण आडवे कोण झाले? दाखवायला केलेला मजकूर परत वाचणारे. म्हणजे दुसऱ्या मुद्द्याचेच भाऊबंद. आणि बँकेच्या फॉर्मवर दिवस/महिना/वर्ष असे ठरलेले चौकोनच असतील तर तिथं लोकेल न लावता ठोकून लिहिलं तरी माझी ना नाही.

भाचीनं दोन रात्री बसून साठवण बदलली. काल पावती काढली तर '३१ मार्च, २०२५' नीट आलं. शीतगृहाच्या मुनीमजींनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "बरी हाय, पर आकडे इंग्रजी पायजेत, कर्जाच्या फायलीला लावतो आम्ही." लोकेलच्या शेपटीला यू-एनयू-लॅटन जोडलं की महिना मराठी राहतो आणि आकडे इंग्रजी होतात. तिनं तिथंच उभ्या उभ्या केलं. डेटाबेसला हात लावावा लागला नाही.