फोनवरचे नसते उद्योग

फोनबद्दल बोलणारी माणसं मला हल्ली दोनच तऱ्हेची भेटतात. एक, ज्यांना अजून बाजारात न आलेल्या मॉडेलचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा असणार हे तोंडपाठ असतं. दुसरी, जी भल्या सकाळी फोनवरूनच ‘फोन बाजूला ठेवा, जगायला शिका’ असा मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकतात. पहिल्यांना नवा घ्यायचा असतो, दुसऱ्यांना आहे तो टाकायचा असतो. हातात आहे त्याच्याशी जरा खेळून बघू, असं दोघांच्याही मनात येत नाही.

मला खेळायला आवडतं. आमच्या घरात याला ‘नसते उद्योग’ म्हणतात आणि मला ते नाव पसंत आहे. माझं म्हणणं एवढंच की यंत्रांची खरी मजा या नसत्या उद्योगांतच आहे. खरेदीत ती चार दिवस टिकते. बॉक्स उघडला, पडद्यावरची फिल्म सोलली, सगळ्या सेटिंग्ज पाहून झाल्या की फोन पुन्हा फोनच होतो.

आता बघा, फोनमध्ये मोजमापाची किती साधनं बसवलेली असतात. हालचाल मोजणारा ॲक्सेलरोमीटर, वळणं मोजणारा जायरोस्कोप, चुंबकक्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर, उजेड मोजणारा सेन्सर, आणि काही फोनांत हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटरसुद्धा. ही सगळी बसवली ती फोन आडवा धरल्यावर पडदा फिरावा, पावलं मोजली जावीत, नकाशावरचा बाण बरोबर दिशेला वळावा म्हणून. दिवसभर बिचारी राबत असतात, फक्त त्यांचे आकडे आपल्यापर्यंत येत नाहीत. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातल्या मंडळींनी २०१६ साली ‘फायफॉक्स’ नावाचं ॲप काढलं, ते हे आकडे सरळ पडद्यावर आणून ठेवतं. फुकट आहे, अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवर चालतं. माझ्या फोनवर गेली काही वर्षं सगळ्यात जास्त मजा याच ॲपने दिली आहे.

पहिला उद्योग असा. ॲपमध्ये ॲक्सेलरोमीटर सुरू करा (गुरुत्वाकर्षण धरून मोजणारा पर्याय निवडा) आणि फोन टेबलावर ठेवा. फोन ढिम्म पडलेला आहे, हलत नाही, डुलत नाही, आणि आकडा येतो साधारण ९.८. मीटर प्रति सेकंद वर्ग, शाळेत ‘जी’ म्हणून घोकलेला गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग. आता फोन हातात उंच धरा, खाली जाड गादी आहे याची खात्री करा आणि सोडून द्या. नंतर आलेख बघा. फोन पडत होता त्या अर्ध्या सेकंदात रेष धाडकन खाली येऊन शून्याला टेकलेली दिसते. म्हणजे फोन स्वस्थ पडला होता तेव्हा त्याच्या मते त्याला प्रवेग होता, आणि खरोखर खाली कोसळत होता तेव्हा म्हणे काहीच नाही!

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ त्या रेषेकडे बघत बसलो. कारण समजून घेतलं तर आणखी मजा येते. सेन्सरच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. टेबल फोनला खालून उचलून धरतं, तेव्हा तो तुकडा स्प्रिंगांना ताण देत किंचित खाली ओघळतो, आणि शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर जेवढं बदलतं तेवढंच हा सेन्सर मोजतो. फोन पडायला लागला की बाहेरची चौकट आणि आतला तुकडा दोघंही बरोबरीने पडतात. अंतर बदलत नाही, म्हणून शून्य. बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी करत असताना १९०७ साली आइनस्टाइनला हेच सुचलं होतं, की पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही. आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार, असं त्याने नंतर या कल्पनेला म्हटलं. व्यापक सापेक्षतेचा, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताचा, रस्ता तिथून सुरू झाला. आणि आपण ते गादीवर फोन टाकून बघू शकतो. यापुढे मेगापिक्सेलचं काय कौतुक करायचं!

दुसरा उद्योग बॅरोमीटरचा. तो सगळ्या फोनांत नसतो, स्वस्त फोनांत बहुधा नसतोच. आयफोनमध्ये तो २०१४ साली आयफोन ६ पासून आला. तुमच्या फोनमध्ये असेल तर लिफ्ट गाठा. साधारण आठ मीटर वर गेलं की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाब मोजायचं एकक) कमी होतो, म्हणजे एका मजल्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आलेखावर प्रत्येक मजला पायरीसारखा उमटतो. मी आणि माझी भाची लिफ्टमध्ये शिरून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाऊन आलो. फोन तिच्या हातात. रेष खाली खाली गेली, लिफ्ट थांबली तशी रेषही थांबली. "मामा, आता डोळे मिटून जाऊ, आणि लिफ्टचा आकडा न बघता कितवा मजला ते मी सांगते," ती म्हणाली, आणि सांगितलंही. मध्ये एक काका चढले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि त्यांचा मजला आल्यावर नक्की काय मोजताय हे न विचारताच उतरून गेले. मला आजही वाटतं, त्यांनी विचारायला हवं होतं.

घरी आल्यावर भाचीबाईंना नवाच शोध लागला. खिडक्या बंद असलेल्या खोलीत फोन ठेवला आणि दार जोरात लावलं की आलेखावर बारीकसं टोक उमटतं. मग काय, दारं आपटण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि ताईने स्वयंपाकघरातून आवाज चढवल्यावरच थांबला.

तिसरा उद्योग मला सगळ्यात देखणा वाटतो. ध्वनीचा वेग मोजायचा, तोही नुसत्या टाळ्यांवर. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवा, दोन्हींवर आवाजाने चालू-बंद होणारं स्टॉपवॉच सुरू करा. पहिल्या फोनशेजारच्या माणसाने टाळी वाजवायची. त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं, दुसऱ्याचं जरा उशिरा, कारण आवाजाला तिथवर पोचायला वेळ लागतो. मग दुसऱ्याने टाळी वाजवायची. आता दुसऱ्याचं घड्याळ लगेच बंद होतं आणि पहिल्याचं उशिरा. म्हणजे पहिला फोन लवकर सुरू होऊन उशिरा थांबला, दुसरा उशिरा सुरू होऊन लवकर थांबला. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला एकदा जाऊन परत यायला लागलेला वेळ. पाच मीटरसाठी तो भरतो सेकंदाचे सुमारे २९ हजारांश. दहा मीटरला त्याने भागा, उत्तर ३४० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास येतं. घड्याळं आधी जुळवून घ्यायला नकोत, दोन टाळ्यांत किती वेळ गेला याच्याशीही देणंघेणं नाही. ज्याने कोणी ही युक्ती काढली त्याला माझा नमस्कार.

या उद्योगाला दोन माणसं लागतात हेही मला आवडतं. यंत्रांमुळे माणसं एकलकोंडी झाली असं आपण सारखं ऐकतो. ही काळजी फोनपेक्षा जुनी आहे. सोनीने १ जुलै १९७९ ला पहिला वॉकमन विकायला काढला, तेव्हा एकट्याने कानाला लावून गाणी ऐकणं उद्धटपणाचं दिसेल, ही शंका खुद्द सोनीचे संस्थापक अकिओ मोरिता यांच्या मनात होती. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन जागा होत्या, शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज मंद व्हायचा आणि एकमेकांशी बोलता यायचं. किती गोड कल्पना! पुढे लोकांनी आपापला स्वतंत्र वॉकमन घ्यायला सुरुवात केली आणि त्या सोयी मागे पडल्या. आता यात दोष यंत्राचा किती आणि आपला किती, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत मी सांगून ठेवतो: आपलाच जास्त.

हे सगळं कोणाला सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो. "ते ठीक आहे रे, पण याचा उपयोग काय?" शब्दकोडं सोडवणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. पत्ते कुटणाऱ्याला विचारत नाही. तासभर दुसऱ्यांचे व्हिडिओ बघणाऱ्यालाही विचारत नाही. यंत्राला हात लावला की मात्र उपयोग दाखवावा लागतो, जणू यंत्र हे कामासाठीच असतं आणि त्याच्याशी खेळणं म्हणजे पोरकटपणा. मी आता या प्रश्नाचं उत्तर द्यायचं सोडून दिलंय. उपयोग शून्य. पुढे बोला.

उलट मला खटकतं ते वेगळंच. ज्या गोष्टी मजेच्या होत्या त्या यंत्रांनी कर्तव्याच्या करून टाकल्या. फिरायला जाणं घ्या. मनगटावरचं घड्याळ संध्याकाळी थरथरून सांगतं की अजून इतकी पावलं बाकी आहेत. बाकी म्हणजे? कोणाची उधारी आहे का? दहा हजार पावलांचं हे खूळ १९६५ च्या सुमारास जपानात पावलं मोजण्याचं एक यंत्र विकताना रूढ झालं. आकडा गोळीबंद होता, लक्षात राहणारा होता, चिकटला. वैद्यकाने आधी नीट तपासून दिलेला तो आकडा नव्हताच. तरी माणसं रात्री साडेअकराला बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या घालताना मी पाहिली आहेत. चालणं चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घड्याळाचं मन राखायला चालायचं? वाचनाचंही तेच. सलग इतके दिवस वाचलंत म्हणून ॲप पाठ थोपटतं, आणि एक दिवस चुकला की साखळी तुटल्याचं दुःख पुस्तक अर्धवट राहिल्यापेक्षा मोठं होतं.

म्हणून मी मनगटावर कॅसिओचं साधं डिजिटल घातलंय, एफ-९१डब्ल्यू. ते मला काही करायला सांगत नाही. वेळ दाखवतं, गजर वाजवतं, स्टॉपवॉच आहे, संपलं. बॅटरी सात वर्षं चालते असं कंपनी म्हणते. पण त्याच्या आत काय चाललंय ते बघा. इवल्याशा नळकांड्यात क्वार्ट्झचा एक चिमटा बसवलेला असतो, तो सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगाच निवडलेला नाही. दोनला दोनने गुणत गेलं की पंधराव्या घाताला ३२,७६८ येतात. म्हणजे उलट दिशेने या थरथरीचे निम्मे करायचे, त्याचे निम्मे, असं पंधरा वेळा केलं की उरतो सेकंदाला बरोबर एक ठोका. निम्मं करणारं सर्किट बनवायला अगदी सोपं असतं, म्हणून जगातली असंख्य क्वार्ट्झ घड्याळं याच आकड्यावर चालतात. शिवाय माणसाच्या कानाला २०,००० च्या वरचं ऐकू येत नाही, त्यामुळे हे सगळं आपल्या मनगटावर बिनबोभाट चालतं. सेकोच्या १९६९ च्या ॲस्ट्रॉनमध्ये, म्हणजे बाजारात आलेल्या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळात, हा आकडा ८,१९२ होता. तोही दोनचाच घात, तेरावा. हे कळल्यापासून सेकंदाचा आकडा बदलताना बघायला मला कंटाळा येत नाही. महिन्याला ते तीस सेकंद पुढेमागे होऊ शकतं, तर अधूनमधून फोनवरची वेळ बघून सेकंदासकट जुळवायचं. फोनला जोडलेलं स्मार्ट घड्याळ तेवढंही परस्पर करून घेईलच की! पण मग मी काय करू?

जुन्या म्युझिक प्लेअरचंही वेड आहे, पण त्यावर लिहायला लागलो तर ही पोस्ट संपायची नाही. एवढंच सांगतो की ॲपलने २०२२ साली आयपॉड बंद केला तरी त्यांतल्या अनेकांची आतली हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवणारे लोक आहेत, आणि ‘रॉकबॉक्स’ नावाची पूर्ण वेगळी प्रणाली अशा जुन्या प्लेअरांसाठी हौशी मंडळी पदरमोड करून लिहीत आली आहेत. कंपनीने टाकून दिलेल्या वस्तूला असं जिवंत ठेवणाऱ्यांना मी रिव्ह्यूवाल्यांपेक्षा शंभरपट मानतो.

महागडं काही घेऊ नका असं मी म्हणत नाही. ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावं, मलाही काचेआड ठेवलेल्या नव्या वस्तू बघायला आवडतात. फक्त घेतल्यावर एक दिवस तरी त्याला आत काय चाललंय ते विचारा. मॅग्नेटोमीटर उघडा आणि फोन भिंतीवरून हळूहळू फिरवा. खिळा किंवा लोखंडी सळी आली की आकडा उसळतो. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर ते आधी काढा, नाहीतर आकडे भलतेच येतील.

सध्या आमच्याकडे चेंडू चालू आहे. चेंडू जमिनीवर टाकायचा, फोन शेजारी ठेवून टप्प्यांचे नुसते आवाज ऐकवायचे. दोन टप्प्यांमध्ये ०.८ सेकंद गेले तर चेंडू मधल्या वेळात सुमारे ७८ सेंटीमीटर उंच उडाला होता, हे फोन न बघताच सांगतो. रबरी चेंडू, टेनिसचा आणि टेबल टेनिसचा असे तीन तपासून झाले. भाचीचं म्हणणं आहे की थंड केलेला चेंडू कमी उडेल, म्हणून ताईच्या फ्रिजमध्ये आत्ता दोन टेनिसचे चेंडू आहेत. ताईला अजून माहीत नाही. कोणाकडे जुना स्क्वॉशचा चेंडू पडून असेल तर कळवा, तो गरम केल्यावर चांगलाच जास्त उडतो असं ऐकलंय, तेही मोजून टाकू.