आमचा पांडुरंग स्टुटगार्टला

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा साताऱ्याहून फोन आला. सातवा महिना चालू आहे आणि घरात नावावरून आत्ताच दोन तट पडलेत. मुलगा झाला तर सासऱ्यांना विठ्ठल हवं. बाकीचे म्हणतात, उद्या पोरगा परदेशात गेला तर तिथल्या लोकांना जमेल असं काहीतरी ठेवा, विहान, कियान. "दादा, तू तिथे राहतोस, तूच सांग."

सांगतो. माझ्या मुलाचं नाव पांडुरंग आहे, आणि तो जर्मनीत स्टुटगार्टच्या बालवाडीत जातो.

नाव माझ्या आजोबांचं. बारशाला हीच बहीण व्हिडिओ कॉलवर होती. कानात नाव आत्यानं सांगायचं, म्हणून आम्ही फोन पाळण्यात बाळाच्या कानाशी धरला. कुर्र झालं, आणि मग ती हळूच म्हणाली, "शाळेत पांडू म्हणतील रे त्याला." तिची भीती खोटी नव्हती. मुंबईत हवालदाराला पांडू म्हणायची सवय लागली आणि चांगलं नाव हलकं झालं. आजोबांच्या वेळी आमच्या गावात आळीगणिक एक पांडुरंग असायचा. मुलाला हाक मारताना देवाचं नाव आपसूक घेतलं जावं, एवढाच त्यामागचा भाव. माझ्या वर्गात मात्र एकही नव्हता. पंचाईत झाली ती आजीची. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघत नाही, म्हणून ती पणतवाला 'माउली' म्हणते.

इथे पहिल्या दिवशी बालवाडीच्या बाईंनी नाव दोनदा विचारलं आणि माझ्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर मुलं गोल करून बसली होती, एकेकाचं नाव तोडून टाळ्या वाजवत होती. पान-डू-रांग, तीन टाळ्या. झालं, अडचण संपली. त्याच्या जॅकेटच्या खुंटीशेजारी एमिल, आंटोन आणि ओस्कर यांच्या खुंट्या आहेत. ही सगळी त्यांच्या पणजोबांच्या काळातली नावं. मधल्या पिढ्यांना ती जुनाट वाटत होती, आता आईबाप हौसेनं ठेवतात.

म्हणून उच्चाराचं कारण मला पटत नाही. आपल्याला त्या नावाला गावाचा, शेताचा वास येतो, आणि तो नको असतो. नावावरून माणसाची पायरी ठरवणं इथेही चालतं. ओल्डेनबुर्ग विद्यापीठानं 2009 साली प्राथमिक शिक्षकांची पाहणी केली, तेव्हा 'केविन' म्हणजे वांड पोर असं अनेकांच्या मनात आधीच बसलेलं दिसलं. फरक एवढाच, की जर्मनांनी बाहेरून आलेल्या नावाला खाली बसवलं आणि आपण घरच्या नावाला.

आणि घरचं तरी कसं म्हणायचं? पांडुरंग म्हणजे पांढऱ्या अंगाचा, विटेवरचा देव तर सावळा. अभ्यासक पंढरपूरच्या 'पंडरगे' या जुन्या कानडी नावाकडे बोट दाखवतात, त्यावर संस्कृत साज मागाहून चढला असावा. ज्ञानेश्वरांनी देवालाच 'कानडा' म्हटलंय. तिकडे व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावर चाम लोकांचं पांडुरंग नावाचं राज्य 1832 पर्यंत टिकून होतं. आजच्या फान रांग शहराचं नाव त्यावरूनच आलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे परदेशातल्या भारतीयांच्या गदर या स्वातंत्र्यचळवळीतून फिरत फिरत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिवेरासारख्या चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. त्यांना कुणी छोटं नाव घ्यायला लावलं नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पांडुरंग सदाशिव साने. आपल्या साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपूरला प्राण पणाला लावून उपोषण केलं, ते मंदिराचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. पांडुरंगाच्या दारात पांडुरंग उपाशी बसला. माझा मुलगा मोठा झाला की त्याला त्याच्या नावाची ही गोष्ट मी सगळ्यात आधी सांगणार आहे.

तेव्हा सोने, विहान म्हणजे पहाट, नाव गोड आहे. आवडलं असेल तर जरूर ठेव. पण जर्मन माणसाच्या जिभेची काळजी म्हणून ठेवू नकोस. आणि सासऱ्यांचा विठ्ठल मनात असेल तर बेलाशक ठेव. इथे आला तर त्याला दोनच टाळ्या लागतील, एमिलइतक्याच.