कॅमेऱ्याचे ५२ पौंड

ब्रिटनमध्ये लिमिटेड कंपनी काढली की नातेवाइकांच्या अभिनंदनाआधी बऱ्याचदा आयसीओचं, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीच्या वापरावर लक्ष ठेवणाऱ्या इन्फर्मेशन कमिशनर्स ऑफिसचं, पत्र येऊन पडतं. संगणकावर लोकांची माहिती ठेवता म्हणून डेटा प्रोटेक्शन फी भरा, नाहीतर लागू नाही असं कळवा. मग आम्हा हिशेबनिसांचा फोन वाजतो. पहिला प्रश्न ठरलेला : "हे खरं आहे की फ्रॉड?" संशय रास्तच आहे. बाकी सरकारी कामं गव्ह डॉट यूकेवर होतात आणि यांचा पत्ता मात्र आयसीओ डॉट ऑर्ग डॉट यूके. खरा असूनही लबाड दिसणारा.

फेब्रुवारी २०२५पासून धंद्याच्या आकारानुसार तीन दर असे : ५२, ७८ आणि ३,७६३ पौंड. डायरेक्ट डेबिट केलं तर ५ पौंड सूट, आणि वर व्हॅट नाही. उलाढाल ६,३२,००० पौंडांपर्यंत किंवा माणसं दहापर्यंत असली की ५२ वाले. माणसं मोजायची तऱ्हा खास आहे. दर महिन्याची हजेरी घ्या, बेरीज करा, महिन्यांनी भागा. शनिवारी दोन तास पोळ्या लाटायला येणारी मावशीसुद्धा अख्खी एक. डबेवाला रात्र जागून सरासरी साडेअकरा काढतो, आणि मग त्याला सांगावं लागतं की तुमची उलाढालच इतकी बेताची आहे की माणसं मोजायची गरजच नव्हती. फक्त गप्प बसू नका. माहिती दिली नाहीत तर तुम्ही सर्वांत वरच्या, ३,७६३च्या गटातले धरले जाता. एवढा मोठा उद्योगपती तुम्हाला सासुरवाडीतही कोणी समजलेलं नसतं.

पगार, हिशेब आणि स्वतःच्याच धंद्याची जाहिरात, एवढ्यापुरताच संगणक वापरत असाल तर फी माफ. हे ऐकून समोरचा खुलतो. तेवढ्यात मी विचारते, "गल्ल्यावर कॅमेरा आहे?" चोरी टाळायला लावलेला सीसीटीव्ही या माफीत बसत नाही. चेहरा पडतो. मग खालच्या आवाजात, "तो बंदच असतो हो." बंद कॅमेऱ्यात कोणाची माहिती साठत नाही, हे खरं. पण दुकानाच्या विम्याच्या फॉर्मवर तोच कॅमेरा चोवीस तास डोळे उघडे ठेवून बसलेला असतो. दोन्हीकडे एकच उत्तर द्या, एवढंच माझं म्हणणं.

भरल्यावर तुमचं नाव-पत्ता सार्वजनिक यादीत झळकतो. लोकांची माहिती जपण्याची फी भरायची आणि आपल्या घराचा पत्ता जगजाहीर करायचा, हा सौदा एकट्याने घरून धंदा करणाऱ्यांना फॉर्मच्या शेवटी लक्षात येतो. पीओ बॉक्स किंवा धंद्याचा दुसरा पत्ता चालतो, पण तो आधी द्यायचा.

फी दरवर्षीची आहे. आठवणीचा ईमेल स्पॅममध्ये जातो, कार्डाची मुदत संपते आणि ५२च्या जागी ४०० पौंडांचा दंड होऊ शकतो. शिवाय डब्याची एक आणि केटरिंगची दुसरी कंपनी काढली असेल, आणि दोन्ही फीला पात्र असतील, तर फीही दोन. स्वयंपाकघर एक असलं तरी.