काल मुलं काय खेळली?

महाराष्ट्रात लहान मुलांच्या शिक्षणावरून वाद पेटला की त्याची धग इथे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत माझ्या फोनलाही लागते. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' आलं, तेव्हा सांगलीच्या आमच्या घरच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनानं सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. त्यावर मुलांच्या झोपेपेक्षा रिक्षावाल्या काकांच्या फेऱ्या कशा बसणार, याचीच काळजी जास्त झाली. आणि २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद! १६ एप्रिलच्या आदेशापासून २९ जूनला सगळे आदेश मागे घेईपर्यंत काका-मामांनी एकमेकांशी अबोला धरला होता.

मुलाच्या डोक्यात काय घालायचं, कोणत्या भाषेत आणि किती वाजता, एवढ्यावरच आपण भांडतो. त्या मुलाशेजारी जमिनीवर बसणार कोण, यावरून आमच्या ग्रुपवर तरी कधी ठिणगी पडलेली नाही. तीन ते सहा या वयाबद्दल तर नाहीच.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत रिसेप्शनच्या वर्गात सहाय्यक आहे. रिसेप्शन म्हणजे पहिलीच्या आधीचं वर्ष. सप्टेंबरमध्ये मुलं येतात तेव्हा चार वर्षं पुरी झालेली असतात, काहींची जेमतेम आदल्या आठवड्यात. पगार बेताचाच, तोही शाळा चालू असते तेवढ्या आठवड्यांचा. पण हे काम करताना जे दिसतं ते घरी सांगायला गेलं की हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं: "तुमच्याकडे काय बाबा, मुलं नुसती खेळतात."

नुसती खेळत नाहीत. शाळा सुरू होऊन मुलं जरा रुळली की रोज सकाळी सतरंजीवर बसून अक्षरांचे आवाज घोटणं सुरू होतं. पहिले सहा बहुतेक ठिकाणी ठरलेले: स, अ, ट, प, इ, न. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यावर सरकारी चाचणी. चाळीस शब्द वाचायचे, त्यातले वीस खरे आणि वीस अर्थहीन, बनवलेले. बनावट शब्दाशेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलानं तिथे अर्थ शोधत बसू नये. (कल्पनाशक्तीला सरकारी चाचणीत मिळालेली जागा ती एवढीच.) २०१७ मध्ये इथल्या शाळातपासणी खात्यानं रिसेप्शनमध्ये वाचन-गणितावर जोर द्या असा अहवाल काढला, तेव्हा बालशिक्षणवाल्यांनी रान उठवलं होतं. आता सरकारनं उद्दिष्ट ठेवलंय की २०२८ पर्यंत पाच वर्षांची ७५ टक्के मुलं ठरवलेल्या पातळीला पोचली पाहिजेत. थोडक्यात, इथलाही खेळ जीव मुठीत धरूनच असतो. परदेशात राहणारे आम्ही लोक चिखलात माखलेल्या गोऱ्या मुलांचे फोटो पाठवतो तेव्हा यातलं काही पाठवत नाही.

उलट आपल्याकडे, निदान कागदावर, हा प्रश्न सुटलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं तीन ते आठ हा वयोगट एकत्र धरून पायाभूत स्तर केला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा आराखडा आला आणि त्यात खेळातून शिकणं हाच गाभा आहे. २०२३ मध्ये बाहुल्या, कोडी, खेळणी भरलेला 'जादुई पिटारा' आला. आपल्या बालवाडीत खेळ असावा की नसावा, याचं सरकारी उत्तर 'असावा' असंच आहे. तरीही सिनियर केजीतल्या माझ्या भाच्याच्या दप्तरात चार रेघी वही, दोन रेघी वही, चौकटी वही आणि एक ते पन्नासची पानंच्या पानं.

का, ते सांगण्याआधी खेळ चांगला चालतो तेव्हा नेमकं काय होतं ते सांगते.

आमच्या वर्गात मध्यंतरी जनावरांचा दवाखाना मांडला होता. म्हणजे एक टेबल, जुने पांढरे शर्ट, पट्ट्या, कापडी प्राणी आणि एक बंद पडलेला फोन. एक मुलगा होता, नुकताच या देशात आलेला, इंग्रजीचा एक शब्द न बोलणारा. तो सरळ टेबलाखाली जाऊन मांजर झाला. मांजराला इंग्रजी यावं लागत नाही! बरेच दिवस तो फक्त म्याँव करायचा आणि डॉक्टरीणबाई त्याच्या पायाला पट्ट्या गुंडाळायच्या. आमच्या बाई त्याला बाहेर ओढायला गेल्या नाहीत. त्या मांजराच्या मालकीण होऊन रांगेत बसल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "हा काल रात्रीपासून काही खात नाही, काय झालं असेल?" डॉक्टरीणबाईंनी विचार करून निदान केलं की त्यानं कुलूप गिळलंय. मग कुलूप बाहेर कसं काढायचं, किल्ली गिळवली तर उघडेल का, उघडलं तर आतून काय बाहेर पडेल, यावर लांबलचक खल झाला. टेबलाखालून मांजरानं पहिला इंग्रजी शब्द उच्चारला तो 'नो'. किल्ली गिळायला त्याचा साफ नकार होता.

१९९७ पासून इंग्लंडमध्ये सुमारे तीन हजार मुलांचा मागोवा घेणारा ईपीपीई नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात जी बालशिक्षण केंद्रं चांगली ठरली तिथे मुलांनी आपणहून मांडलेला खेळ आणि मोठ्यांनी योजलेलं काम, दोन्ही होतं. शिवाय मोठं माणूस आणि मूल मिळून एखादी गोष्ट विचारात घेऊन ती लांबवत नेतात, असं तिथे वारंवार दिसलं. आमच्या बाईंनी केलं ते हेच. आपल्या भाषेत सांगायचं तर मोठ्या माणसानं त्या खेळात लिंबूटिंबू व्हायचं असतं. डावात असायचं, पण राज्य घ्यायचं नाही.

हे दिसायला सोपं आहे आणि करायला फार दमवणारं. त्यासाठी माणूस मोकळं लागतं. इथे रिसेप्शनच्या वर्गात एका शिक्षकामागे कायद्यानं तीसपेक्षा जास्त मुलं चालत नाहीत, नर्सरीत प्रमाण याहून कडक. तिसांच्या वर्गात सहाय्यक असलाच पाहिजे असा कायदा नाही, आणि शाळेचे पैसे आटले की पहिली गदा आमच्यावरच येते. सहाय्यक नसलेल्या दिवशी मांडलेला दवाखाना तसाच असतो, शर्ट-पट्ट्या सगळं जागेवर. फक्त अर्ध्या तासात तिथे मारामारी सुरू होते.

आता सांगलीत येऊ. इंग्लंडातल्या शाळांना सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबर, म्हणून माझं माहेरपण नेहमी ऐन पावसात. माहेर गावभागात, म्हणजे कृष्णेला पाणी चढलं की सामान माडीवर. गेल्या एका ऑगस्टात पाणी इशारा पातळीच्या आसपास घुटमळत होतं, शाळा बंद होत्या आणि आमच्या बोळात पाच-सहा पोरं पूर-पूर खेळत होती. विटेच्या तुकड्यानं भिंतीवर रेघा मारलेल्या: ४०, ४५, ५०, ५७. सांगलीच्या पोराला हे आकडे शिकवावे लागत नाहीत. चाळीस फुटांला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि सत्तावन्न म्हणजे २०१९. एकजण महापालिकेची गाडी झाला होता, तोंडासमोर हाताचा कर्णा: "नदीकाठच्या नागरिकांनी त्वरित स्थलांतर करावे!" वय वर्षं साडेचार. एका पाटाची होडी होती आणि भांडण पेटलं होतं ते आधी आजीला काढायचं की म्हशीला. आजीला शिडी चढता येत नाही. म्हशीला पोहता येतं. पण म्हशीचं दावं कोण सोडणार?

त्यात माझ्या भाच्यानं, त्याच एक ते पन्नासवाल्यानं, नवी रेघ मारून तिथे ५४ लिहिलं आणि ओरडला, "पंचेचाळीस झालं!" आपल्या आकड्यांच्या नावात एकम आधी येतो, पाच आधी ऐकला म्हणून त्यानं पाच आधी लिहिला. वहीत अशा चुकीवर लाल गोल पडतो आणि पान पुन्हा लिहावं लागतं. इथे शेजारची पोरगी अंगावर धावली: "येडा झालायस का, चोपन्नला आपलं घरच जातंय!" त्यानं तळहातानं पुसलं, दोन पावलं मागं जाऊन भिंत पाहिली आणि ४५ लिहिलं. 'साठ तीन' म्हणावं की त्रेसष्ट, यावर विधानसभेपर्यंत गाजलेला वाद त्या बोळात पोरांनी आपल्यापुरता सोडवला होता. पंचेचाळीस आणि चोपन्न यांच्यात अख्ख्या घराचा फरक होता ना!

पाचच मिनिटांत वहिनीनं हाक मारली. शिकवणीची वेळ झाली होती. पाच वर्षांच्या पोराला शिकवणी.

नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात हे व्हावं याचं मला जास्त वाटतं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं ते सांगलीतच, आणि ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. पण बालवर्गात सोंग घ्यायची अधिकृत संधी कोणती, तर फॅन्सी ड्रेस स्पर्धा. वेश भाड्यानं आणलेला, चार ओळी आईनं पाठ करून घेतलेल्या, पोरगं भेंडी होऊन स्टेजवर उभं राहतं आणि भेंडीचे फायदे सांगून रडतं. याला मी कल्पनेचा खेळ म्हणायला तयार नाही, यात सगळी कल्पना मोठ्यांची. कॉव्हेंट्रीतही मार्चमध्ये पुस्तकदिनाला सुपरमार्केटमधून आणलेले वेश घालून मुलं येतात, तोही तसलाच प्रकार. दिवाळीचा किल्ला मात्र अजून पोरांच्या हातात आहे, तयार किल्ले बाजारात आले तरी. त्यावर बालवाडीतल्या कुणी बाईंनी कधी विचारलंय का, "पाणी कुठून आणता रे गडावर?"

"आमच्याकडे आधीपासूनच होतं" असं म्हणायची परदेशस्थांना खोड असते आणि मला तिचा कंटाळा येतो. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे रानातली शाळा म्हणून जी चळवळ पालकांना भुरळ घालते ती १९९३ मध्ये सॉमरसेटमधल्या एका कॉलेजच्या लोकांनी डेन्मार्कमध्ये पाहून आणली. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांमागे कुरणात शाळा घेऊन गेल्या होत्या. १९४५ पासून बोर्डीत त्यांनी अंगणात मुलं जमवली. सामान म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं. माणूस मात्र पूर्ण वेळ मुलांचं.

आज अंगणवाडीच्या ताई पूर्ण वेळ कुणाच्या? १९७५ पासून चाललेल्या त्या योजनेत सहा सेवा आहेत आणि पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यातली एक. बाकी आहार, लसीकरण, वजन-उंची, गरोदर माता, स्तनदा माता, आणि २०२१ पासून हे सगळं पोषण ट्रॅकरच्या ॲपवर भरणं. वर सर्वेक्षणं, कुठे मतदारयाद्या. हाताशी एक मदतनीस, ती स्वयंपाकात. या कामाला पगार नाही, मानधन. २०२३ च्या डिसेंबरात सेविका संपावर गेल्या तेव्हा बातम्या आल्या त्या प्रामुख्यानं पोषण आहार बंद पडल्याच्या. शिक्षण बंद पडल्याची बातमी फारशी कुणी केली नाही, कारण ते चालू असतं हेच कुणी धरलेलं नाही. जादुई पिटारा अशा खोलीत येतो तेव्हा तो कपाटात जातो. हरवला तर भरून कोण देणार?

म्हणून मला पालकांवर तोंडसुख घेणाऱ्यांचा राग येतो. पालक फी भरतात, त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा वही. खेळाचा पुरावा काय? इथे आम्ही पालकांना ॲपवर फोटो आणि दोन ओळी पाठवतो. मध्ये त्याचाही अतिरेक झाला, मुलांशी बोलायचं सोडून आम्ही त्यांचे फोटो काढत बसलो, आणि २०२१ मध्ये बालशिक्षणाचे नियम बदलताना सरकारलाच सांगावं लागलं की हे कागदकाम कमी करा. त्यापेक्षा सुटताना दारात आईला सांगितलेली दोन वाक्यं बरी. पण तेवढी दोन वाक्यं सांगण्यासाठी ताईंनी खेळ पाहिलेला असायला हवा. मागणी करायची तर ही करा: रोज दोन तास अंगणवाडीच्या ताईंच्या हातात ना फोन ना रजिस्टर, आणि त्या दोन तासांपुरतं नोंदींना वेगळं माणूस, रीतसर पगारावर. नव्या पेटीपेक्षा हे महाग पडेल. पडू दे.

धाकट्या भावाच्या मुलीला तीन वर्षं झाली तेव्हा त्यानं विचारलं, कुठे घालू. मी म्हटलं, जाशील तिथे एकच विचार, काल मुलं काय खेळली? इंग्रजी शाळेत त्याला स्मार्ट बोर्ड दाखवला. कोपऱ्यावरच्या अंगणवाडीत ताईंनी मुलांची नावं घेऊन सांगितलं, कोण नवरदेव झालं होतं, वरातीत कोण रुसलं आणि घोडा व्हायला कुणी नकार दिला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या माहिती भरायला उठल्या. भावानं पोरीला इंग्रजी शाळेतच घातलं. "अक्का, तुझं सगळं पटतं," तो म्हणाला, "पण ताईंचा नातूच तिथं आहे. मी विचारलं त्यांना, असं का? तर म्हणाल्या, माझ्याकडं आणला असता, पण त्याच्याजवळ मी बसणार कधी?"