चार सिमं, चौपट वेग आणि एक एपीके

‘घरातली चारही सिमं आणि शेजारचं वायफाय एकत्र जोडा. वेग चौपट, ब्रॉडबँडचं बिल शून्य! कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. खालची फाइल इन्स्टॉल करा.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. फिरू दे म्हणून सोडला असता. पण चिपळूणच्या मामांनी तो वाचून चालू ब्रॉडबँड बंद करायला काढलं आणि वर मलाच विचारलं, ‘तू कॉम्प्युटरवाला ना रे, तुला हे माहीत नव्हतं?’ तर मामा, आणि तुमच्या ग्रुपातले बाकी सगळे, ऐका.

आधी ती फाइल, कारण बाकी सगळं नुसतं चुकीचं आहे, हे धोक्याचं आहे. ती प्ले स्टोअरवर नाही, एपीके म्हणून येते, म्हणजे बाहेरून थेट फोनमध्ये टाकायची ॲपची फाइल. मामांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ती तीन परवानग्या मागतेय: व्हीपीएन, एसएमएस आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी. व्हीपीएन म्हणजे फोनचं सगळं इंटरनेट त्या ॲपमधून वळवायची मुभा, तिचं एक वेळ समजू शकतो. कनेक्शनं जोडणाऱ्या खऱ्या ॲपलाही ते लागतं. पण मग तुमची सगळी ये-जा कुणाच्या सर्व्हरवरून होणार, हे मेसेजात कुठे लिहिलंय? आणि इंटरनेटचा वेग वाढवायला माझे एसएमएस कशाला वाचायला हवेत? एसएमएसमध्ये ओटीपी येतो, म्हणून. अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली की ॲपला तुमचा स्क्रीन वाचता येतो, तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. टाकलं असेल तर आत्ता काढा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मला नंतर.

आता चौपट वेग. दहा एमबीपीएसची चार कनेक्शनं म्हणजे चाळीस, ही बेरीज कागदावर होते. तुम्ही एखादी फाइल उतरवायला घेता तेव्हा तुमच्यात आणि सर्व्हरमध्ये एक जोडणी होते, आणि ती एका आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या कनेक्शनच्या नंबराला, बांधलेली असते. चार कनेक्शनं म्हणजे चार पत्ते. समोरच्या सर्व्हरच्या लेखी ती चार अनोळखी माणसं. तुकडे ओळखून, क्रमाने लावून पुन्हा एक करणारं कुणीतरी पलीकडेही लागतं. टीसीपी म्हणजे अशी जोडणी चालवण्याचे नेहमीचे नियम; अनेक वाटांसाठी त्यांचंच मल्टिपाथ टीसीपी नावाचं तंत्र आहे. त्याचा आरएफसी ८६८४ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज मार्च २०२० चा, कुणालाही फुकट वाचता येतो. दोन्ही टोकांना हे तंत्र येत असेल तरच ते चालतं. पलीकडच्याला येत नसेल तर मुकाट साध्या टीसीपीवर परतायचं, म्हणजे पुन्हा एकच वाट. ॲपलने २०१३ मध्ये सिरी या आपल्या बोलत्या मदतनीसासाठी ते वापरलं, कारण फोनही त्यांचा आणि सर्व्हरही त्यांचाच. तुमच्या बँकेचा सर्व्हर काही मामांच्या माळ्यावर नाही.

‘पण स्पीड टेस्टमध्ये आकडा दुप्पट आला!’ येणारच. टेस्ट एका वेळी अनेक जोडण्या उघडते आणि दोन लाइनी सांभाळणारा राउटर त्या वाटून टाकतो. टॉरेंटला आणि डाउनलोड मॅनेजरलाही असाच फायदा होतो, हे मान्य. टेस्टमध्ये ‘सिंगल’, म्हणजे एकच जोडणी, निवडा आणि मग स्क्रीनशॉट टाका. शिवाय चारही सिमं एकाच कंपनीची असतील तर ती त्याच टॉवरकडे जाणार, आणि संध्याकाळी तुंबतो तो टॉवरच.

बिल शून्य कसं, हे मला अजून कळलेलं नाही. चार सिमांना चार रिचार्ज लागतात. रोज दोन जीबीची चार सिमं महिन्याला २४० जीबी देतात. घरच्या फायबरच्या बऱ्याच प्लॅनना मर्यादा ३३०० जीबीच्या आसपास असते. शेजारचं वायफाय फुकट आहे खरं, फक्त ते बिल शेजारी भरतो. आणि सिमांचा साठा करणाऱ्यांनो, एका नावावर नऊच चालतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात जास्तीच्या सिमांसाठी पहिल्या वेळेला ५० हजारांपर्यंत दंड आहे.

एवढं मात्र खरं, की कनेक्शनं खरोखर जोडता येतात. वार्ताहरांच्या पाठीवर जी पिशवी दिसते तिच्यात अनेक सिमं असतात आणि चित्रण तुकड्यातुकड्याने स्टुडिओत जाऊन तिथे जुळतं. पण ते यंत्र, तो सर्व्हर आणि ती सगळी सिमं यांचे पैसे वाहिनी मोजते. घरी उपयोगाचं आहे ते वेगळंच. पावसाळ्यात फायबर तुटतं, त्यासाठी दोन वॅनचा, म्हणजे बाहेरची दोन कनेक्शनं घेणारा, राउटर घ्यायचा आणि दुसऱ्या वाटेला वेगळ्या कंपनीचं सिम लावून ठेवायचं. एक गेलं की दुसरं आपोआप चालू होतं. वेग वाढत नाही, आणि चालू कॉल एकदा तुटतो, परत लावायचा.